करपलेल्या वांग्यांची संध्याकाळ

मंडळी, आज सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो. उत्तर मोठ्यानं देऊ नका, मनात ठेवा. आपलं एक माणूस बुडत होतं. आपण वर्षानुवर्षं हात देत होतो, ते काही वर येईना. मग एक दिवस कुणी परका आला, त्यानं हात दिला, आणि माणूस वर आलं. आपल्याला आनंद होतो का?

होतो म्हणता? देवासमोर बसलाय, खरं सांगा.

होतो आनंद, पण त्याच्या खाली कुठंतरी जळत असतं. माझा हात का नाही धरला? मी काय कमी केलं होतं? षड्रिपूंमध्ये मत्सर सगळ्यात शेवटी येतो. आम्ही कीर्तनकार कामापासून सुरू करतो, क्रोधावर तासभर बोलतो, आणि मत्सरापर्यंत पोचेस्तोवर पंगतीची वेळ होते. त्यामुळं त्याला कुणी हटकतच नाही. आज त्यालाच आधी घेऊ. मृदंगवाले, जरा हात थांबवा. गोष्ट साधी आहे, शांत ऐकली पाहिजे.

यंत्रमागाचं एक गाव होतं. दिवसभर मागांची खडखड, की दोन माणसं शेजारी उभी राहून बोलली तरी ओरडावं लागायचं. त्या गावात जालिंदर नावाचा जॉबर होता. जॉबर म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. मागाच्या आवाजावरून कुठला नट सैल झालाय ते सांगायचा, असा तयार माणूस. आणि पाळी संपली की त्याच हातात बाटली. अशी अकरा वर्षं गेली.

त्याची बायको शालन. तिनं काय करायचं बाकी ठेवलं होतं? चतुर्थ्या धरल्या. त्याच्या चपला लपवल्या, तर हा अनवाणी गेला. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. ती त्यानं तीन दिवस पाळली. माहेरी जाऊन बसली, तर हा न्यायला आला तोच पिऊन. सासऱ्यांच्या पाया पडताना तिथंच झोपला!

हसा. शालन तेव्हा हसली नव्हती.

मुलगी लग्न होऊन गेली, घरात ही दोघंच राहिली. आणि एक दिवस कामावर जालिंदरचे हात असे कापायला लागले की पाना हातात धरवेना. सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आठवडाभर ठेवून घेतलं, अंगातली दारू उतरवली, औषधं दिली. म्हणाले, "अंगातली उतरली, पण डोक्यातली अजून आहे. आता दिवसाच्या केंद्रात जा."

आता तुम्ही विचाराल, बुवा, दिवसाचं केंद्र म्हणजे काय? शालननंही हेच विचारलं. ते केंद्र चालवणाऱ्या सुनीती मॅडम होत्या, त्यांनी सांगितलं. सकाळी दहाला यायचं, येताना घरून डबा आणायचा. आल्यावर यंत्रात फुंकायचं, घेतली असेल तर तिथंच कळतं. डॉक्टर तपासणार, औषध देणार. दिवसभर दहा-बारा माणसं गोल करून बसणार, बोलणार, काही काम शिकणार. आणि पाच वाजले की आपल्या घरी. असे पंचेचाळीस दिवस.

शालन म्हणाली, "मॅडम, रात्रीचं पण इथंच ठेवा की. बाहेरनं कुलूप लावा."

"काही जणांना तसं ठेवावं लागतं, ताई. पण यांना दारूच्या दुकानावरून चालत घरी जायचंय, आणि तरी प्यायची नाही. ते कुलपात राहून कसं शिकणार? म्हणून रोज घरी पाठवतो. अर्धा उपचार आम्ही करतो, अर्धा तुमच्या घरात होतो. आणि बुधवारी घरच्यांनी यायचं असतं. तुम्ही याल ना?"

"मी कशाला येऊ? मी काय पिते?"

आणि नाही गेली. बाकी काहीच चुकवलं नाही तिनं. पहाटे उठून डबा करायची. हा दाढी करून, डबा हातात घेऊन साडेनवाला बाहेर पडायचा. गल्ली म्हणायची, "जालिंदर शाळेला निघाला." निघाला, पण रोज निघाला. दहा दिवस झाले, वीस झाले, आणि खरोखर त्यानं सोडली.

आता शालनला काय झालं पाहिजे? आनंद. देवापुढं साखर ठेवली तिनं. पण घरात काय सुरू झालं, ऐका.

"शालन, मॅडम म्हणतात, उपाशी राहायचं नाही. भुकेल्या पोटी तल्लफ जास्त येते."

अकरा वर्षं ही ताट झाकून वाट बघत होती. जेवून घ्या म्हणून पाया पडत होती. तेव्हा कान नव्हते. आता मॅडम म्हणतात!

"शालन, मॅडम म्हणतात, जुने सोबती भेटले तर दुसऱ्या रस्त्यानं जायचं."

हिनं तर त्या सोबत्यांना दारातून हाकललं होतं, आणि त्याबद्दल मार खाल्ला होता.

एकदा तिनं सहज विचारलं, "तुम्ही तिथं दिवसभर बोलता तरी काय?"

जालिंदर म्हणाला, "तिथलं तिथंच ठेवायचं. नियम आहे."

मंडळी, दुसरी बाई असती तर शालन पदर खोचून भांडायला गेली असती. तिनं तपासही केला. मॅडम पन्नाशीच्या, चष्मा लावणाऱ्या, कामाशी काम ठेवणाऱ्या. म्हणजे तसलं काही नव्हतं. तसलं नसल्यामुळं जास्त लागलं. भांडायचं कुणाशी? दहा-बारा खुर्च्यांशी? हा तिथं बोलतो. एक दिवस तर डोळे सुजवून घरी आला. म्हणजे तिथं रडतोसुद्धा. माझ्यासमोर अकरा वर्षांत एक टिपूस काढलं नाही, आणि तिथं रडतो.

असा महिना गेला. आणि एका शुक्रवारी नळावर शेजारची आक्काताई भेटली. तिचा नवरा बाजीरावही त्याच केंद्रात जायचा. शालनची घागर भरत होती. आक्काताई म्हणाली, "काय गं शालन, परवा वांगी करपली म्हणं तुझी?"

शालननं विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

"आमच्या ह्यांनी. जालिंदरभावजींनी केंद्रात सांगितलं. सगळी हसली म्हणं."

तर त्या केंद्राची एक रीत होती. रोज सकाळी गोल बसलं की पहिला प्रश्न एकच. काल संध्याकाळी काय झालं? पाचला इथून गेलात, तिथपासून झोपेपर्यंत घरात काय घडलं ते प्रत्येकानं सांगायचं. कारण माणूस घसरतो तो केंद्रात नाही, संध्याकाळी घसरतो. आणि हे बाहेर कुणी बोलायचं नाही, ही दुसरी रीत. बाजीराव दारू सोडायला गेला होता, चहाड्या सोडायला नाही. त्याच्याकडून फुटलं.

शालनच्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे तिथलं मला कळायचं नाही, आणि माझ्या घरातलं, माझ्या चुलीवरचं, दहा-बारा परक्या बाप्यांना रोज कळतं? आणि ते हसतात?

वांगी करपली होती हे खरं. का करपली हेही तिला माहीत होतं. पण डोक्यात राग शिरला की कारण आठवत नाही, फक्त लोकांचं हसणं ऐकू येतं. तिनं घागर तशीच भरती सोडली आणि मनाशी ठरवलं: आजपासून सांगण्यासारखं काही घडूच द्यायचं नाही.

आणि तिनं बोलणं बंद केलं.

पुरुषमंडळी माना हलवतायत. म्हणजे अनुभव आहे! पण हा तुमचा-आमचा रुसवा नव्हता. ती भांडली नाही, आदळआपट केली नाही. ताट वाढायची, पाणी ठेवायची, भिंतीकडं तोंड करून बसायची. हा विचारायचा, "बरं नाही का?" उत्तर नाही. "पोरीचा फोन आला होता का?" उत्तर नाही. शुक्रवार गेला, शनिवार, रविवार, सोमवार गेला. सगळ्या संध्याकाळी अगदी मोकळ्या, कोऱ्या.

आता दारू सोडलेल्या माणसाचं ऐका, हे ज्यांच्या घरात आहे त्यांनी नीट ऐका. तल्लफ दिवसभर नसते. ती येते, चढते, आणि थोड्या वेळानं उतरते. तेवढा वेळ माणसानं कुणाशी तरी बोलत राहायचं, म्हणजे ती निघून जाते. जालिंदरची तल्लफ सहाच्या ठोक्याला यायची, कारण अकरा वर्षं सहालाच पाळी सुटायची. आणि सहाला समोर कोण? शालनची पाठ.

मंगळवारी संध्याकाळी जालिंदर घरी आला, डबा मोरीपाशी ठेवला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसला. रोज डबा शालनच उघडायची, घासायची. तिनं झाकण काढलं. आत दारूची बाटली. लहान होती, बूच न फोडलेली.

मंडळी, इथं थांबतो. त्या वेळी शालनला काय वाटलं असेल? जमीन सरकली? देवा, परत सुरू झालं, असं वाटलं?

तेही वाटलं. पण त्याच्या आधी, एक क्षणभर, तिला बरं वाटलं. बघा, तुमचं पण नाही ऐकलं! मॅडमचं पण नाही, त्या खुर्च्यांचं पण नाही. माझ्यासारखेच तुम्हीही हरलात.

तिनं बाटली लुगड्यात गुंडाळून पिशवीत घातली. त्याला चकार शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बुधवार होता.

बुधवारी हा साडेनवाला गेला, मागून ही गेली. केंद्रात माणसं गोल करून बसली होती. काहींच्या बायका, एकाचा म्हातारा बाप. जालिंदरच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. शालन खुर्चीकडं गेलीच नाही. सरळ मध्ये गेली आणि बाटली फरशीवर ठेवली.

"हे घ्या. तुमच्या शाळेचं बक्षीस."

दारू सोडलेल्या दहा-बारा माणसांच्या मधोमध दारूची बाटली. म्हाताऱ्या बापानं नजर वळवली. सुनीती मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बसा, शालनताई. आमच्या इथं पहिला प्रश्न एकच असतो. काल संध्याकाळी काय झालं?"

"काय व्हायचंय? ह्यांच्या डब्यात ही निघाली, हेच झालं."

"जालिंदर, तुम्ही सांगा."

जालिंदर खाली बघत होता. म्हणाला, "घेतली मी. पण प्यालो नाही. सकाळी यंत्रात फुंकलंय, तुम्ही बघितलंय. घेतली आणि डब्यात ठेवली."

"डब्यातच का?"

"डबा शालन उघडते म्हणून."

शालननं मान वर केली.

"पाच दिवस ती बोलली नाही, मॅडम. म्हटलं, बाटली बघून तरी बोलेल. शिव्या देईल, डबा फेकून मारेल, काहीतरी करेल. ओट्यावर बसून वाट बघत होतो. आतून आवाजच आला नाही."

शालन त्याच्याकडं वळली. मग जे आतलं होतं तेच बाहेर आलं. "मग माझी वांगी करपली म्हणून इथं हसवलंत कशाला सगळ्यांना?"

कोपऱ्यातला बाजीराव पायाच्या अंगठ्याकडं बघायला लागला. म्हणाला, "वहिनी, चूक माझी. मी अर्धंच सांगितलं घरी."

"अर्धं म्हणजे?"

जालिंदर म्हणाला, "मी काय सांगितलं होतं, सांगू? मी म्हटलं, अकरा वर्षांत आमच्या घरात भाजी कधी करपली नाही. मी पिऊन आलो की शालन चुलीकडं तोंड करून बसायची, भाजीवर पूर्ण लक्ष. त्या बुधवारी मी आलो, तर पोरीच्या लहानपणीचं काहीतरी निघालं. ती माझ्याकडं तोंड करून उंबऱ्यावर बसली. बोलत राहिली. वांगी करपली तरी दोघांना वास आला नाही. माझी सहाची तल्लफ आली कधी, गेली कधी, कळलं नाही. ती करपलेली भाजी मी दोनदा मागून घेतली. तेच सांगितलं. सगळे हसले ते त्याच्यावर."

मंडळी, शालन त्या रिकाम्या खुर्चीवर बसली. मग तीच म्हणाली, "मॅडम, काल बाटली बघून मला आधी बरं वाटलं. वाटलं, तुमच्याकडनं पण सुटली नाही. असं वाटलं मला. माझ्याच माणसाबद्दल."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "ताई, मलाही तुमचा हेवा वाटतो. आम्ही इथं सात तास बोलून जे जमवायला बघतो, ते तुमच्या उंबऱ्यावर एका भाजीत झालं. आता ही बाटली कुणी ओतायची?"

"मी आणली," शालन म्हणाली.

"विकत मी घेतली," जालिंदर म्हणाला.

दोघं उठली. केंद्राच्या मागं मोरी होती, तिथं बूच फोडून ओतली. वास आला तसं जालिंदरनं तोंड फिरवलं. या वेळी शालन त्याच्या बाजूला उभी राहिली आणि बोलत राहिली. काय बोलली म्हणता? संध्याकाळी काय करायचं ते विचारत होती.

तुम्ही म्हणाल, बुवा, मग तो कायमचा सुटला का? नाही. दोन वर्षांनी एकदा घसरला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनवाला दोघं मिळून केंद्राच्या रस्त्याला लागली, डबा शालनच्या हातात होता. हा आजार असाच आहे, परत परत जावं लागतं. गेलं पाहिजे, आणि घरच्यांनी बुधवार चुकवता कामा नये.

आता तुमच्याकडं वळतो. सुरुवातीला विचारलं होतं, परक्यानं वर काढलं तर आनंद होतो का? शालनला वाटलं, ती माणसं आपलं काम हिसकावून घेतायत. ती तर तिचंच काम तिला परत करत होती, रोज संध्याकाळी पाच वाजता. घेण्यासाठी तिला फक्त तोंड वळवायचं होतं. तुमच्याकडंही कुणी रोज पाचला घरी येत असेल. दारू सोडलेलाच असेल असं नाही. आलं की तुम्ही कुणीकडं तोंड करून बसता, ते मी विचारत नाही. तुम्हाला माहीत आहे.

माझ्या घरात गेली तीन वर्षं भाजी करपलेली नाही. मीच करतो, आणि नीट लक्ष देऊन करतो. बोलायला समोर कुणी नाही, मग करपणार कशी?

तेव्हा आता विठोबाचं नाव घ्या, टाळ खाली ठेवा, आणि उठा. ज्यांच्या घरी कुणी वाट बघतंय त्यांनी पंगतीला नाही थांबलात तरी चालेल. मी सांगतो वाढणाऱ्यांना.