सगुणा घोडीचा गूळ

“सूनबाई, त्या बाटलीतलं वाईच माझ्यासाठी राखून ठेव!”

असं सासरा बोलला. आणि सून काय म्हणाली? “चेष्टा पुरे, आप्पा! ऊन लागतंय, आत चला.” एवढं म्हणाली, हात धुतले, बॅग बंद केली. झालं! सांगणाऱ्यानं सांगितलं, ऐकणारीनं झटकून टाकलं. मंडळी, तुम्ही ऐकलं असतं का? ओ मागच्या रांगेतले, उगाच माना हलवू नका! आपण सगळ्यांनी त्या म्हाताऱ्याला आतच नेलं असतं.

तर आज प्रश्न एकच. दया म्हणजे काय हो? दुखणं संपवणं ही दया, की दुखणाऱ्यालाच संपवणं? सोपा वाटतो ना? थांबा! उत्तर तयार असेल तर मुठीत झाकून ठेवा. गोष्ट संपल्यावर मूठ उघडा, मग बघू आत काय उरलंय!

मंडळी, ऐका. पाचगणीच्या पठारावर घोडे फिरवणारं एक घर. घरचे कर्ते हैबतीआप्पा. सगळा जन्म घोड्यांत गेला. मुलगा दिनकर, तोही घोड्यांत. आणि सून हर्षदा? ती जनावरांची डॉक्टर! आप्पांनी हुडकून आणलेली. गाव चिडवायचं, “आप्पा, पोराला बायको बघताय की घोड्यांना डॉक्टर?” आप्पा म्हणायचे, “दोन्ही! मांडव एकच!”

हर्षदाला एक छोटी लेक, ईशू. आई अशी, की पोरगी शिंकली तरी हिच्या काळजात धस्स! औषधांच्या बॅगेला कुलूप. किल्ली वरच्या फळीवर. का? तर ईशूचा हात पोचू नये. हसता काय? माझंही कार्टं तिथं खांबाला लोंबकळतंय, माझा एक डोळा तिकडंच आहे! ईशूचा हात पोचत नव्हता, खरंच. पण त्याच घरात दुसऱ्या कुणाचा पोचत होता, हे काही त्या माउलीच्या ध्यानात आलं नाही.

आप्पांना हाडांत कॅन्सर. पुण्याच्या दवाखान्यात सांगितलं, आता उपाय नाही, घरी न्या. घरी आणलं. कसं वाटतंय विचारलं की आप्पांचं ठरलेलं, “मला काय धाड भरलीय!”

अशात सगुणा घसरली. सगुणा म्हणजे आप्पांची लाडकी घोडी. दरडीवरून गेली ती खालीच. पुढचा पाय असा मोडला, की हाड बाहेर! हर्षदानं तपासलं. आप्पांकडं बघितलं. आप्पा एवढंच म्हणाले, “सोडव तिला.”

त्या घराची रीत होती. घोडं जायला निघालं की गळ्यातली घुंगुरमाळ काढायची, आता तुझ्यावर कुणाची मालकी नाही. मग हातानं गूळ भरवायचा. मग कानाशी तोंड नेऊन तीनदा नाव घ्यायचं. आप्पांनी सगळं केलं. हर्षदानं इंजेक्शन दिलं. सगुणा शांत झाली. ईशू दारातून बघत होती. आणि तेव्हा, मंडळी, तेव्हा आप्पा ते बाटलीचं वाक्य बोलले!

आता गंमत बघा. गंमत कसली, घातच! जनावर बोलत नाही, म्हणून हर्षदा हातानं विचारायची. गाईच्या पोटावर तळवा, कानाला बोट, गव्हाणीत चारा उरलाय का यावर नजर. म्हशीच्या डोळ्यातलं दुखणं ओळखणारी बाई! पण आप्पा बोलायचे ना! बोलणाऱ्याच्या शब्दावर तिनं विश्वास ठेवला. आप्पा कुशीवर वळेनासे झाले. चहा अर्धा टाकायला लागले. घोड्यांकडं पाठ करून बसायला लागले. एखाद्या बैलानं असं केलं असतं, तर ती धावत गेली असती! सासऱ्याला म्हणाली, “आप्पा, हवा बदललीय.”

एक दिवस दुपारची ती घरी आली. कुणाच्या तरी गाईचं बाळंतपण उरकून, घामेघूम. तर आतून आवाज, “हैबती! हैबती!” ईशूचा! हर्षदाला राग आला. आजोबांना नावानं हाक? हिला चांगलीच समज द्यायला हवी, म्हणून तरातरा आत गेली आणि…

आणि पाय उंबऱ्यातच राहिले!

खाटेवर आप्पा उताणे. ईशू त्यांच्या कानाशी वाकलेली. ईशूच्या गळ्यात आप्पांची तुळशीची माळ. हातात गुळाचा खडा. “आई, आम्ही सगुणा-सगुणा खेळतोय! आजोबा घोडा झालेत!”

आणि उशाशी ती बाटली. ती सुई.

काय झालं असेल हो त्या आईचं? “ईशू, अंगणात जा,” असं कुणीतरी म्हणालं. तो आवाज आपलाच, हे तिला नंतर कळलं.

“आप्पा… हे काय?”

“रीत.”

“लेकराकडून करून घेता ही रीत? लेकराकडून?”

“मग कुणाकडून? दिनकर रडत बसतो. तू पडलीस सून, तुझ्या तोंडून माझं नाव निघायचं नाही.” मग हळूच म्हणाले, “फळीवरनं किल्ली काढली. पण सुई धरवंना, हात कापतो. तू दे. सगुणेला दिलीस, तेव्हा तुझा हात हलला नव्हता.”

“आप्पा, तुम्ही माणूस आहात हो!”

“म्हणून? घोडीला दया, आन् माणसाला शिक्षा?”

मंडळी! आहे उत्तर? मुठी अजून मिटलेल्याच असू द्या! पुढचं ऐका, खरा धक्का तिथं आहे. हर्षदाची नजर आप्पांच्या गळ्यापासून घसरत पावलांपर्यंत गेली. मनात आकडा आला. वजनाचा! जनावराला सुई द्यायच्या आधी, औषध किती भरायचं म्हणून, डोळ्यांनीच वजन काढायचं, ही तिची रोजची सवय. नजरेनं आपलं काम परस्पर उरकलं होतं!

“अगंबाई! आत्ता मी काय केलं?” असं तिच्या तोंडून निघालं. सासऱ्यानं मागितलं त्याची वाटली नव्हती इतकी भीती तिला स्वतःची वाटली. मारायची तयारी नजरेला येत होती, हो. विचारायची येत नव्हती!

बाटली तिनं आधी ओढून घेतली. पदरात गुंडाळली. मग म्हणाली, “आप्पा, सगुणेला बोलता आलं असतं, तर मी आधी तिला विचारलं असतं. तुम्हाला बोलता येतं. आणि मी विचारलंच नाही.”

“काय?”

“कुठं दुखतंय?”

आप्पांनी तोंड भिंतीकडं केलं. “मला काय धाड…”

तिनं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. गाईला लावते तसा हात लावला. मानेपासून खाली, एकेक मणका. कमरेशी बोट टेकलं मात्र… घोड्याची लाथ छातीवर खाऊन ज्यानं हूं केलं नव्हतं, तो माणूस असा ओरडला, असा ओरडला, की अंगणातल्या घोड्यांनी कान टवकारले!

“कधीपासून, आप्पा?”

“होळीच्या आधीपासनं,” आप्पा म्हणाले. आणि रडले. “तुम्ही आधीच दमलेली माणसं. सांगून काय करणार होतो?”

दुसऱ्या दिवशी वाईहून तांबोळी डॉक्टरीणबाई आल्या. जो रोग बरा होणार नाही, त्यातलं दुखणं सांभाळणाऱ्या डॉक्टर. आल्या त्या हर्षदावरच बरसल्या! “उपाय नाही असं रोगाबद्दल सांगितलं होतं ना? दुखण्याबद्दल कुणी सांगितलं?” मॉर्फिनच्या गोळ्या सुरू केल्या. दुखायची वाट बघायची नाही, वेळेला द्यायच्या.

आप्पांनी त्यांनाही सोडलं नाही. “बाई, तुम्ही तरी द्याल का ती सुई?”

“नाही, आप्पा. कायदा नाही म्हणतो, आणि मीही नाही म्हणते. पण घशात नळी, मशीन, आयसीयू, हे तुम्हाला नको असेल तर तेही कुणी लादणार नाही. ते नको म्हणायचा हक्क तुमचा.”

“म्हंजे मरू द्याल, पण मारणार न्हाई.”

“आणि तोवर दुखू देणार नाही.”

“आस्सं! हे आधी बोलला असता, तर मी या वयात फळीवर चढलो नसतो!”

सगळं दुखणं गेलं का मंडळी? नाही. खोटं कशाला सांगू? वाईट दिवशी आप्पा अजून म्हणायचे, “हर्षदा, ती बाटली?” ती म्हणायची, “आधी सांगा, कुठं?” आणि ते सांगायचे! कधी कंबर. कधी खांदा. एकदा म्हणाले, “आज काही दुखत न्हाई, नुसती सगुणेची आठवण येतीय.” त्या दिवशी ती कामाला गेलीच नाही. खाट मात्र फिरवून घेतली होती त्यांनी, पुन्हा घोड्यांकडं तोंड!

शेवटी श्वास अडायला लागला. पाहुणे जमले. “साताऱ्याला हलवा! मशीनवर ठेवा! लोक काय म्हणतील?” हर्षदा दारात आडवी उभी राहिली. “आप्पांनी नको म्हटलंय. त्यांनी शुद्धीत सांगितलंय, मी विचारून घेतलंय.” पाहुणे अंगावर आले हो तिच्या! पण हटली नाही. ईशूनं ओठांना गूळ लावला. दिनकरला काही सुचेना. मग ती सून पुढं झाली, सासऱ्याच्या कानाशी वाकली, आणि ज्या तोंडून निघायचं नाही त्या तोंडून नाव घेतलं. “हैबती. हैबती. हैबती.”

आता उघडा मुठी. सुई द्यावी की नाही, यावर मोठमोठी माणसं भांडतात, भांडू देत. कुणाच्या वेदनेपुढं ताठ मानेनं निकाल द्यायची माझी छाती नाही. पण सुई मागायच्या आधी ज्याला कुणी नीट विचारलंच नाही, त्याच्या मागण्याला त्याची इच्छा म्हणायचं का हो?

तुमच्या घरात आहे असं एक माणूस. “मला काय धाड भरलीय” म्हणणारं. मघाशी तुम्हाला आठवलं ना? तेच!

आज प्रसाद गूळ-चण्याचा आहे. पण इथं खाऊ नका. मूठ मिटा, तसाच घरी न्या. त्या माणसाच्या खाटेवर बसा, तळहातावर गूळ ठेवा, दुसरा हात पाठीवर ठेवा. आणि विचारा, “कुठं दुखतंय?”

उत्तर आल्याशिवाय उठू नका.