समोरच्याची चाल

मंडळी, एक सांगा. दुसऱ्याच्या मनातलं आपल्याला खरंच कळतं — की आपणच ठरवून टाकतो?

मिरजेत नलू ढवळीकर नावाची बाई होती. बुद्धिबळात पटाईत, राज्य पातळीवर खेळलेली. पण ऐन मोक्याला हरायची. म्हणून ती मुजावर सरांकडे शिकायला गेली. सरांची शिस्त कडक. डाव मांडायचे आणि म्हणायचे, "सोंगट्यांना हात लावायचा नाही. पुढच्या सात चाली तोंडानं सांग."

नलू सांगे, "मी घोडा मारते. तो प्याद्यानं घेतो. मी वजिरानं शह देते, राजा कोपऱ्यात जातो—"

"कोपऱ्यात का जाईल? मध्ये हत्ती घालेल की."

"नाही घालणार."

"का? तुला नकोय म्हणून?"

हसताय? आपल्या घरी काय चालतं? "ह्यांना विचारूच नका, नाहीच म्हणतील!" झालं. ह्यांची चाल आपणच खेळून मोकळे.

तर वर्षभर हाच सराव. आधी समोरच्याची सर्वांत चांगली चाल शोधायची, मग आपली. नलूचा खेळ सुधारला. पण एकदा दिवाळीच्या तोंडावर ती पटापुढे नुसतीच बसून राहिली. सरांनी विचारलं, तेव्हा म्हणाली, "निपाणीला माझी थोरली बहीण आहे, मंदाताई. आई गेली तेव्हा मी स्पर्धेत होते. पोचले नाही. ताई म्हणाली, आता येऊ नकोस. नऊ वर्षं झाली. सर, सणाला तिची फार आठवण येते हो. पण गेले तर दार लावून घेईल."

सर हळूच म्हणाले, "हे तिनं सांगितलं? की तिची चालही तूच खेळलीस?"

दुसऱ्या दिवशी नलू एस.टी.नं निपाणीला गेली. कडी वाजवली. दार उघडलं. ज्या बहिणीची काळीभोर वेणी डोळ्यांसमोर धरून ती नऊ वर्षं झुरली, तिचे केस पांढरे झाले होते.

मंदाताई म्हणाली, "एवढा विचार करतात का गं? मी रागात एक बोलले. तू तेवढंच धरून बसलीस."

नलू तिच्या गळ्यात पडली. बहीण मिळाली, मंडळी. नऊ वर्षं मात्र मिळाली नाहीत.

आता तुमचं सांगा. कुणाचा नकार तुम्ही त्याला न विचारताच ऐकून ठेवलाय? देवाचाही ठेवला असेल — एवढ्या चुका केल्या, आता तो कसला जवळ घेतोय! अहो, त्याला विचारलंत कधी? हाक मारा. उत्तर त्याचं त्याला देऊ द्या.