टेम्पोभर दगड

पोलिसांनी शहराचे सगळे रस्ते अडवल्यापासून दुधाची गाडी फिरकली नव्हती, तरी लोक आशेवर रांग धरून होते. शिंपीणबाईंच्या पुढे धरण्यावर बसणाऱ्या मावशी आणि एक अनोळखी तरुण बोलत होते.

“मावशी, नुसतं बसून कधी सरकार पडतं का?”

“न पडू दे. हात उचलला तर आपल्यात न् त्यांच्यात फरक काय? तू कुठल्या गल्लीतला रे?”

“इथलाच की. ते डोकी फोडतात, त्याचं काय?”

शिंपीणबाईंच्या लेकाच्या डोक्याला टाके पडले होते. त्यांनी जोरात मान डोलावली.

“उद्या बाहेरून टेम्पोभर दगड आणतो. तुम्ही फक्त हो म्हणा.”

“लेकरांचं दूध सोडत नाहीत ते, आणि तुझे दगड बरे सोडतील?”