टोपी झाली की लिमाला

सरोवरातल्या आमच्या टाकिले बेटाच्या धक्क्यावर लाँच कधी वेळेवर येत नाही आणि आम्ही बेटकरी कधी उशिरा जात नाही. माझ्या शेजारी म्हातारा एलेउतेरियो नऊ-दहा वर्षांच्या नातवाला, सिल्वानोला, टोपी विणायला शिकवत बसला होता. आमच्याकडे विणकामाच्या सुया पुरुषांच्याच हाती असतात.

"घट्ट ओढ. उद्या सासरा यात पाणी ओतून बघेल. गळलं तर पोरगी देणार नाही."

"मला पोरगी नकोच आहे. टोपी झाली की बाबांकडे लिमाला जायचं, असं ठरलंय ना?"

"ठरवलं तुझ्या बापानं. मी नुसता हो म्हणालो."

"मग काल चांगल्या ओळी का उसवल्यात? परवापण."

"भोक होतं."

"नव्हतं."

"बरं, नव्हतं. दमलो रे मी उसवून उसवून. घाल तो शेवटचा टाका. घातलास? आता सरोवराचं पाणी भर तीत."

"भरलं."

"गळत नाही. झाली तुझी टोपी. ती बघ लाँच आली, उचल पिशवी."

"आजोबा, तुम्ही जेवणार कुणाबरोबर?"

"बटाट्यांबरोबर. ऊठ."

"थांबा. गळतंय."

"कुठे? मला नाही दिसत."

"तुम्हाला कसं दिसणार? म्हातारे झालात."

लाँचवाला सेल्सो ओरडला, "एलेउतेरियोकाका, पोरगा येतोय ना?"

"नाही!" सिल्वानोच ओरडला. "टोपी अर्धी उसवायचीय!"