अर्ध्या घाटातलं माहेर

मी मूळची काटोलच्या बाजूची, शेतकऱ्याची पोरगी. माय लहानपणीच गेली, तं माझं पयलं बाळंतपण सासरीच झालं, अन् काय सांगू तुमाले, बारसं व्हायच्या आधीच मी उठून भांडे घासाले बसली. तवाच ठरवलं होतं का माझ्या पोरीले हे होऊ द्याचं नाई. लग्नानंतर शहरात, प्रताप नगरले आली, नवरा वारल्यावर धरमपेठेत चार घरचा सैपाक धरला, त्याच्यावरच पोरगी शिकवली, अन् दिली कुठं तं चिखलदऱ्याले, पार पहाडावर. जावई रोपवाटिकेत कामाले हाये, माणूस चांगला हाये, पण तो रस्ता, बाप्पा.

तिले आठवा लागला तशी मी आणाले निघाली. पयलं बाळंतपण माहेरीच होते आमच्यात. घरी बाज टाकून ठेवली, शेजारणीईले सांगून ठेवलं का पोरगी येऊन राहिली. घाट रुंद करणं चालू होतं, जिकडंतिकडं पहाड फोडलेला, गिट्टीचे ढीग, अन् बस अशी आदळत जाये का माझेच हाडं खिळखिळे झाले. जातानाच समजाले पाहिजे होतं न मले? समजलं, पण डोक्यात माहेरच बसलं होतं. जावई म्हणे, आई, रस्ता पाहिला न तुमी, राहू द्या न तिले इथंच. म्हणलं, जमणार नाई.

दुसऱ्या दिवशी घाट उतराले लागलो, एकेका गड्ड्याले पोरगी दांडा धरून डोळे मिटे, म्हणलं, झालंच वं आता, थोडं सोस. अर्ध्या घाटात गाडी थांबली. पहाडाची माती रस्त्यावर आली होती. कंडक्टर म्हणे, पलीकडं दुसरी बस उभी हाये, पैदल पार करून तिच्यात बसा, ही गाडी वापस वर जाते. सगळे उतरले, मी पिशव्या घेऊन उतरली, मांगं पाहिलं तं पोरगी सीटवरच. म्हणलं, उतर न वं, काहून बसली? खिडकीतून म्हणे, मी नाई येत आई, पोट गच्च झालं माझं, तुले माहेराचं पडलं हाये, मले पोटातल्याचं पडलं हाये. रडत नव्हती ती, तेच लागलं मले. ड्रायव्हर हॉर्न वाजवून राहिला, लोकं मातीतून चालून राहिले, अन् मी मधातच उभी. मंग चढली वापस पिशव्या घेऊन. काय करता.

वर पोरीकडंच राहिली मी मंग, नातू होऊन सव्वा महिना होईपर्यंत. पोरगी सुखरूप मोकळी झाली. इकडं धरमपेठेतले दोन घरं सुटले, त्यायनं दुसरी बाई ठेवली, त्यायचं बी बरोबरच हाये. शेजारणी अजून इचारतात, काहून नाई आणली वं पोरीले? मी आता सांगत नाई बसत.

आता तिले दुसरं होणार हाये. घाट अजून तसाच, एक बाजू बनते तं दुसरी फुटते. गुडघे नको म्हणतात, पण उद्या सकाळची बस हाये. लोकाईच्या पोरी बाळंतपणाले माहेरी येतात, माझ्या पोरीचं माहेर बसमंधी दचके खात तिच्याकडं जाते. जाऊ द्या, सुखरूप मोकळी होवो पोरगी माझी.