निपाणीत राहून गेलेली पोलंडची बाई

परवा नातवंडांनी महायुद्धातला तो सिनेमा लावला होता, छळछावणीतनं माणसं वाचवल्याचा. सगळी रडत होती. मला मात्र आमच्या निपाणीच्या घरातली पोलंडची बाई आठवली बघा.

लढाईत देश सुटलेली पोलंडची माणसं तेव्हा कोल्हापूरजवळ वळिवड्याला छावणीत राहायची. ही बाई निपाणीच्या बाजाराला आली आणि तापानं तिथंच कोसळली. आप्पा, म्हणजे माझे वडील, तिला बैलगाडीत घालून घरी घेऊन आले.

ताप उतरल्यावर आई तिला ज्वारीची भाकरी द्यायला लागली. एकदा अंथरूण झटकताना उशीखालनं भाकरीचे वाळलेले तुकडे निघाले. आईच्या मनाला लागलं. म्हणाली, "माझी भाकरी गोड लागंना व्हय गं, बाई?"

बाजारात शिकलेल्या मोडक्या मराठीत ती म्हणाली, "भाकरी चांगली, आक्का. पण उद्या नाही मिळाली तर? तिकडे बर्फात, कैदेत, माझी आई उपाशी मेली."

आईनं बाईला हाताला धरून माजघरात नेलं, धान्याच्या कणगीचं झाकण काढलं आणि तिचा हात आत ज्वारीत घातला. लढाईच्या टंचाईत कणगी निम्म्याखाली गेलेली, त्यामुळं बाईला चांगलंच वाकावं लागलं.

"ही बघ, उद्याची हितं हाय. आजची आज खा."

त्या दुपारी बाईनं सगळी भाकरी संपवली, आणि आईनं विचारायच्या आत ताट पुढं करून म्हणाली, "आक्का, अजून एक."