नको असलेला आवाज

...आणि फवारा मारला हो त्यानं, अकॉर्डियनवर. मला म्हणाला असता हात वर करा, केले असते, जीभ दाखवा म्हणाला असता तर तीही दाखवली असती, ह्या दीड-दोन वर्षांत काय काय दाखवायचं राहिलंय कुणाला. पण हा आपला मॅनेजर, तो बघा, तिकडे पडद्याच्या कडेला मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभा आहे, ह्यानं खिशातून सॅनिटायझरची बाटली काढली आणि फुस्स, फुस्स, फुस्स, पट्ट्यांवर, भात्यावर, सगळीकडे. अहो म्हटलं, हा भाता आहे, आतून कापड आणि पुठ्ठा, ओला झाला की कारभार आटोपला. तर म्हणतो कसा, "काका, हे हवा आत घेतं आणि बाहेर सोडतं. मग माणसात आणि ह्याच्यात फरक काय? ह्याला मास्क घालता येत नाही म्हणून फवारा." आता बोला. शास्त्र आहे म्हटल्यावर आपण काय बोलणार. काळजी घ्यायची, तर घेतली.

सुरू करतो, सुरू करतो, घड्याळ नका दाखवू. मंडळी इतक्या दिवसांनी आली आहेत, एक खुर्ची सोडून एक बसली आहेत, नवरा इकडे, बायको तिकडे, मध्ये चिकटपट्टीची फुली... काही जणांना तर बरंच वाटतंय, नुसत्या डोळ्यांवरून कळतंय मला. तशीच फुली ह्यानं इथंही मारली, ही बघा, माझ्या शेजारच्या खुर्चीवर. म्हटलं बाबा रे, ही खुर्ची अंतर ठेवायला रिकामी नाही. ही दादाची. माझा थोरला भाऊ, क्लॅरिनेट वाजवायचा, तुमच्यातल्या पुष्कळांनी ऐकलंय त्याला ह्याच हॉलमध्ये, दर रविवारी संध्याकाळी, तो ह्या खुर्चीवर आणि मी ह्या. दादा गेला. ह्याच आजारात गेला. फुली नसती मारली तरी तिथे कोण बसणार होतं? पण नियम सगळ्या खुर्च्यांना सारखा म्हणे.

तर तुम्हाला सांगतो, माझी अडचण काय आहे. मला सुरू करता येत नाही. वाजवता येतं, वाजवण्यात तर जन्म गेला, एकदा सुरू झालो की बंद करा म्हणून सांगावं लागतं. पण सुरू करायचं काम माझं नव्हतंच कधी. दोन माणसांनी एकत्र वाजवायचं म्हणजे दोघांचं पाऊल एकदम पडायला हवं ना? बाकीची मंडळी काय करतात, मोजतात. एक, दोन, तीन, चार, की हाणा. दादाला त्याचा भारी तिटकारा. "मोजायला आपण काय पोती उतरवतोय का?" म्हणायचा. तो काय करायचा, क्लॅरिनेट ओठाला लावायचा आणि नाकातून श्वास घ्यायचा. सूंऽऽ. बस. तो श्वास संपला की आम्ही दोघं आत. लांब घेतला की संथ, आखूड घेतला की जलद, मध्ये अडखळला की समजायचं, वहिनीशी भांडून आलाय, आज जरा सांभाळून वाजवा.

आणि तो श्वास ऐकू यायचा बरं का, कारण लहानपणी झोपाळ्यावरून पडून त्याचं नाक वाकडं झालेलं, आत कुठंतरी बारीक शिट्टी वाजायची. आमचे मास्तर कपाळाला हात लावायचे. "अरे, तोंडानं घे श्वास, नाकानं काय घेतोस, आवाज होतो." तर दादा म्हणायचा, "आवाज झाला नाही तर बारक्याला कळणार कसं?" बारक्या म्हणजे मी. केस पांढरे झाले, गुडघे गेले, तरी बारक्याच. आता बारक्या म्हणणारंही कोणी नाही, आता मी नुसता काका.

मग तो आजार आला. सुरुवातीला हॉल बंद नव्हता, सुरुवातीला नुसते नियम होते. मॅनेजर दारात ती कपाळाला लावायची बंदूक घेऊन उभा. दादा त्याला म्हणाला, "बघ रे, सुरात आहे का मी." मग आत गेलो तर क्लॅरिनेटवाल्यानं मास्क काढायचा नाही. अहो, क्लॅरिनेट काय कानानं वाजवायचं? वहिनीनं मग मास्कला पुढे चीर पाडली, वर झडप लावली, झडपेला बटण. वाजवायच्या आधी बटण काढायचं, वाजवून झालं की बटण लावायचं. शर्टाची बटणं उभ्या जन्मात धड लावली नाहीत ह्या माणसानं, आणि आता तोंडाला बटण. आमची ही म्हणाली, "हे जाऊबाईंना तीस वर्षांपूर्वी सुचायला हवं होतं." वर आमच्या दोघांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पडदा, मॅनेजरच्या न्हाणीघरातून काढून आणलेला, त्याच्यावर बदकं होती. त्या बदकांपलीकडे दादा, तोंडावर कापड, आणि मी कान लावून बसलोय. शिट्टी येईना. दादा सुरू झाला, मी मागून, धडपडत, चुकीच्या मात्रेवर. लोकांना कळलंही नाही, लोक बदकं बघत होते. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. काळजी घ्यायची, तर घेतली.

मग हॉलही बंद झाला आणि आपण सगळे घरात. ते दिवस काय सांगू, तुमच्याकडेही तेच चाललेलं असणार. आमच्या हिनं भाज्या साबणानं धुतल्या, दुधाच्या पिशव्या धुतल्या, वर्तमानपत्राला इस्त्री केली. दाराची कडी पुसायची, मग ज्या फडक्यानं पुसली ते फडकं धुवायचं, मग ते ज्या बादलीत धुतलं ती बादली. आणि दादा कुठं राहायचा? वरच्या मजल्यावर. डोक्यावर हो. तो चालला की आमच्या छताला कळायचं. एक जिना मध्ये. पण माझी साखर वाढलेली, त्याची छाती नाजूक, दोन्ही बायकांनी ठरवलं, ह्यानं वर जायचं नाही, त्यानं खाली यायचं नाही. नाही गेलो. एकदासुद्धा नाही गेलो. ही गोष्ट मी कौतुक म्हणून सांगायचो लोकांना, आता नाही सांगत.

पण वाजवल्याशिवाय राहवेना. तेव्हा दादाच्या मुलीनं, म्हणजे माझ्या पुतणीनं, ती असल्या कंप्यूटरच्याच कामात आहे, तिनं व्यवस्था केली. दादा वर त्याच्या स्क्रीनसमोर, मी खाली माझ्या, आणि तुम्ही मंडळी घरोघरी. आठवतंय? चौकोना-चौकोनात डोकी, एका काकूंचं तर तासभर नुसतं छतच दिसत होतं. एकाचा मिक्सर चालू. टाळ्यांच्या जागी पिवळे हात वर जायचे, आवाज न करता, बुडबुडे उठल्यासारखे. असो, ते चाललं असतं. पण दादानं श्वास घेतला की मला दिसायचं, छाती वर आली, आवाज नाही. आणि दिसेपर्यंत तो पुढे गेलेला. वरातीमागून घोडं म्हणतात ना, ते घोडं म्हणजे मी. पुतणीला म्हटलं, बाई गं, सूर येतोय, बोलणं येतंय, मग श्वास कुठं जातो? तर ती हसली. म्हणाली, "काका, ती सोय आहे. पंख्याची घरघर, श्वास, खोकला, असला नको असलेला आवाज ते आपोआप काढून टाकतं."

नको असलेला आवाज. म्हटलं, कुणाला नको? विचारलं का कुणी?

तिनं बिचारीनं शोधलं, ती सोय बंद करायचं कुठंतरी बटण असतं म्हणाली, रविवारी बघू म्हणाली. आणि त्या रविवारच्या आधीच दादाला ताप आला. कुठून आला, कसा आला, काही पत्ता लागला नाही. सगळं धुतलेलं, सगळं पुसलेलं, तरी आला.

न्यायला माणसं आली ती डोक्यापासून पायापर्यंत पांढरी, नुसते डोळे दिसणारी. खालून ओरडली, "दारं बंद ठेवा, जिन्यात कोणी यायचं नाही." आम्ही दार लावून आत. पावलं उतरली, एकेक पायरी, आणि आमच्या दारासमोर थांबली. मग मला ऐकू आलं. सूंऽऽ. तीच शिट्टी. मास्कातून, दारातून, किती दिवसांनी. दादानं श्वास घेतला होता, मला, बारक्याला, चल म्हणून. आणि मी आत उभा, एक हात कडीवर, दुसऱ्या हातात ते कडी पुसायचं फडकं. अकॉर्डियन आतल्या खोलीत पेटीत. नुसतं "दादा" म्हणायचं होतं, तेही आलं नाही तोंडातून. मग त्याला खोकला लागला आणि पावलं खाली गेली. काळजी घ्यायची, तर घेतली.

नाही, रडत नाही मी. फवारा डोळ्यात गेलाय.

पुढे एकदा हॉस्पिटलातून फोन आला, चेहरा दिसणारा. एक नर्सबाई होती, आवाज अगदी कोवळा. "बाबा सारखे बोटं हलवतायत, बारक्या बारक्या म्हणतायत. तुम्हीच का बारक्या?" मी म्हटलं, मीच. म्हणाली, "त्यांना तुमचं वाजवणं ऐकायचंय, आमच्याकडे फार वेळ नाही हं." मी स्वयंपाकघरात, तिथे रेंज यायची म्हणून, शेगडीशेजारी स्टुलावर, अकॉर्डियन गळ्यात. फोन हिनं डब्याला टेकवून धरलेला. आणि पलीकडे दादा. नाकातोंडावर तो हिरवट मुखवटा, छाती खाली-वर, खाली-वर. आमची संथ चाल वाजवायची होती, कार्यक्रमाची पहिली, तुम्हाला माहितीये ती. मी भाता उघडला आणि थांबलो.

कशाला थांबलो? श्वासाला. सवय हो. आणि समोर दादाचे श्वासच श्वास चालले होते, दुसरं काही चाललेलंच नव्हतं त्याचं, सगळं अंग त्याच एका कामाला लागलेलं... आणि मला एकही ऐकू येत नव्हता. ते यंत्र शहाणं, एकेक काढून टाकत होतं. मी त्याच्याकडे बघतोय, तो माझ्याकडे बघतोय. त्याच्या हिशेबानं त्यानं श्वास दिलेला, हा बारक्या येत का नाही? माझ्या हिशेबानं अजून आलाच नाही. नर्सबाई म्हणाली, "काका, सुरू करा ना, ते थांबलेत तुमच्यासाठी." मी म्हटलं, मी त्याच्यासाठी थांबलोय. हिनं तर तोंडात पदर कोंबला.

मग दादाला कळलं. हसला असावा, डोळे बारीक झाले. त्यानं हात वर केला. पहिलं बोट वर काढलं, त्याला तो चिमटा लावलेला, ऑक्सिजन मोजायचा. मग दुसरं बोट. दादा मोजत होता. पोती उतरवणाऱ्यांसारखा. ज्यानं जन्मात कधी मोजलं नाही, तो माझ्यासाठी मोजायला लागला. तिसरं बोट आलं, आणि हात खाली पडला, चौथं काही उचलवलंच नाही त्याच्यानं. चौथं मी मनातल्या मनात धरलं आणि सुरू केलं. एकट्यानं वाजवली पूर्ण चाल. तो कुठवर ऐकत होता, माहीत नाही. फोन मध्येच बंद झाला, मी वाजवतच होतो.

पुढचं सगळं त्या पांढऱ्या माणसांनीच केलं. आम्हाला लांबून बघायला सांगितलं, लांबून बघितलं.

आता हॉल उघडला. मॅनेजर चांगला आहे हो मनानं, वाईट नाही, तो म्हणाला काका, एकट्यानं कशाला, जोडीला कोणी देतो. संगीत शाळेतल्या एक बाई आणल्या, क्लॅरिनेट काय वाजवतात, माझ्या दादापेक्षा सफाईदार, खोटं का बोला. तालमीला बसलो. त्या म्हणाल्या, "एक, दोन, तीन, चार", आणि सुरू झाल्या. मी बसलेलो. पुन्हा "एक, दोन, तीन, चार". मी बसलेलो. म्हणाल्या, "काका, तुम्हाला ऐकू येतं ना?" म्हटलं, बाई, येतं ऐकू, तुमचा श्वास मात्र ऐकू येत नाही. तर त्या खूश झाल्या. म्हणाल्या, "थँक यू. त्यासाठी फार मेहनत घेतलीये." आता त्यांना काय सांगू? त्यांचं नाक सरळ आहे, त्यात त्यांचा काय दोष.

म्हणून एकटा बसलोय, आणि म्हणून इतका वेळ बोलतोय. तुम्हाला वाटलं असेल, म्हातारा भरकटला. भरकटलो नाही, वाट बघतोय. मला वाटलं होतं, इतकी माणसं बसतील समोर, कुणीतरी घेईल श्वास जरा जोरात. पण तुम्हीही सगळे तोंडं बांधून. बरोबर आहे, बांधाच, काढू नका. काळजी घ्यायची.

आलो, मॅनेजरसाहेब, आलो. मोजतो आता. दादा, तुला आवडायचं नाही, माहितीये मला. शिव्या घालणार असशील तर घाल, पोटभर घाल, पण शिव्या घालायला का होईना, आधी श्वास घ्यावा लागेल तुला. घे. मी थांबलोय.

...

नाही?

बरं. एक... दोन... तीन... चौथं आमच्यात मोजत नाहीत.